प्लग-इन हायब्रिड गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर प्लगला लावून चार्ज करायची बॅटरीही असलेली गाडी. टोयोटा आरएव्ही४ प्लग-इन हायब्रिडच्या युरोपातल्या जुन्या कागदपत्रांवर लिहिलेलं होतं: १०० किलोमीटरला १.० लिटर पेट्रोल. म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला १०० किलोमीटर, आणि तेही जवळपास दोन टन वजनाच्या गाडीला. याच गाडीच्या अमेरिकेतल्या लेबलवर बॅटरी उतरल्यानंतरचा आकडा होता गॅलनला ३८ मैल, म्हणजे लिटरला साधारण १६ किलोमीटर. दोन्ही आकडे अधिकृत चाचण्यांतून आलेले आहेत. पण तुमच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी वर्षाला किती पेट्रोल पिणार, हे त्यातल्या एकावरूनही कळत नाही.

युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांच्या अंगच्या संगणकात साठलेली पेट्रोलची नोंदच त्यात तपासली होती. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा कागदावरचा सरासरी आकडा १०० किलोमीटरला १.७ लिटर होता, रस्त्यावर तो ५.९ लिटर निघाला. लिटरला ५९ किलोमीटर सांगितलेली गाडी प्रत्यक्षात १७ देत होती. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही कागद आणि रस्ता यांत फरक असतोच, पण त्याच अहवालात तो २० टक्क्यांच्या आसपास होता. प्लग-इनमध्ये रस्त्यावरचा आकडा कागदावरच्या थेट साडेतीन पट.

मी जर्मनीत राहते आणि प्लग-इन चालवते. इथे गाडी बघितली की प्रत्येक मराठी माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज काय पडतं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण प्लग-इनला त्याचं उत्तर दोन आकड्यांत द्यावं लागतं: १०० किलोमीटरला किती लिटर आणि १०० किलोमीटरला किती युनिट. एकच आकडा सांगणाऱ्याने दुसरा लपवलेला असतो किंवा मोजलेलाच नसतो. हे दोन्ही आकडे स्वतःच्या गाडीसाठी कसे काढायचे आणि काढल्यावर त्यांचं काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

कागदावरचा आकडा येतो कुठून

युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. अर्ध्या तासाची, सुमारे २३ किलोमीटरची एक ठरावीक फेरी असते. प्लग-इन गाडी आधी पूर्ण चार्ज करून बॅटरी संपेपर्यंत तीच फेरी पुन्हा पुन्हा चालवतात. मग उतरलेल्या बॅटरीवर चालवतात. अशा दोन अवस्थांचे दोन आकडे हाती येतात आणि इथपर्यंत सगळं ठीक असतं.

गोम पुढच्या पायरीत आहे. या दोन आकड्यांची सरासरी काढताना विजेला किती वजन द्यायचं, ते एका सूत्राने ठरतं. बॅटरीवर गाडी जितकी लांब जाते तितका वर्षभरातला विजेचा वाटा मोठा धरायचा, असं ते सूत्र. त्यामागे गृहीत धरलेला मालक रोज इमानेइतबारे गाडी प्लगला लावतो. असे मालक आहेत, पण कमी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर आयएसआय या संस्थेने आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेबरोबर २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात खाजगी मालकांच्या प्लग-इन गाड्यांना १०० किलोमीटरला ४ ते ४.४ लिटर लागत होते, तर कंपनीच्या गाड्यांना ७.६ ते ८.४. खाजगी गाड्या निम्म्याहून थोडं कमी अंतर विजेवर तोडत होत्या. कंपनीच्या गाड्यांत हा वाटा ११ ते १५ टक्केच होता.

कंपनीच्या गाड्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इथे नोकरीबरोबर मिळालेली गाडी खाजगी कामाला वापरली तर गाडीच्या किमतीचा १ टक्का दर महिन्याला तुमच्या करपात्र उत्पन्नात धरतात. अटीत बसणाऱ्या प्लग-इनला तो अर्धा टक्काच आहे, म्हणून लोक प्लग-इन निवडतात. पुढे पेट्रोल कंपनीच्या कार्डावर फुकट मिळतं आणि घरी चार्ज केलेल्या विजेचं बिल बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या खिशातून जातं. मग केबल कोण लावणार? माणसं आळशी आहेत म्हणून हे होतं असं मी मानत नाही. योजनाच तशी आखली आहे.

या सूत्रातला विजेचा वाटा आता नियमानेच खाली आणला आहे. नव्या मॉडेलना जानेवारी २०२५ पासून आणि सगळ्या नव्या नोंदणींना जानेवारी २०२६ पासून नवं सूत्र लागू झालं. बीएमडब्ल्यू एक्स१ एक्सड्राइव्ह २५ई चा कार्बन डायऑक्साइडचा आकडा त्यामुळे किलोमीटरला ४५ ग्रॅमवरून ९६ वर गेला. गाडी तीच, इंजिन तेच, बॅटरी तीच. तेव्हा २०२४ ची आणि २०२६ ची माहितीपत्रकं शेजारी ठेवून तुलना करू नका. ते आकडे वेगवेगळ्या मापाने मोजलेले आहेत.

मोजायची तयारी

तीन गोष्टी लागतात. पहिली, विजेचा मीटर. घरी वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवलेला गाडीचा चार्जर, असेल तर त्याच्या ॲपमध्ये दर चार्जिंगचे युनिट दिसतात. साध्या सॉकेटवर चार्ज करत असाल तर सॉकेट आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो. तो घेताना किती ॲम्पियर सलग किती तास झेपेल ते नीट वाचा. घरगुती सॉकेटवर गाडी दहा ॲम्पियरने आठ-आठ तास वीज ओढते आणि स्वस्तातला मापक त्यात वितळू शकतो. हात लावून बघा; गरम लागला तर लगेच काढून टाका.

भिंतीवरचा मीटर यासाठी, की गाडीच्या पडद्यावर दिसणारे युनिट आणि तुमच्या बिलात येणारे युनिट सारखे नसतात. चार्जरमध्ये उष्णता होऊन वीज वाया जाते. शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीचे संगणक, पंप, पंखे जागे असतात. ते दर तासाला ठरावीक वीज खातात, मग चार्जिंग वेगात होवो की सावकाश. म्हणून साध्या सॉकेटवर रात्रभर चार्ज केल्यास वाया जाणारा हिस्सा वॉलबॉक्सपेक्षा जास्त पडतो. दहा टक्के घट अगदी नेहमीची आहे, सॉकेटवर आणि थंडीत ती पंधराच्या पुढेही जाते.

दुसरी गोष्ट, पेट्रोलची नोंद. टाकी भरायची ती पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, आणि दर वेळी त्याच पंपावर. प्लग-इनमध्ये ही शिस्त साध्या गाडीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. इथे महिन्यातून एखाद्या वेळीच पेट्रोल भरलं जातं आणि भरणंही कमी लिटरचं असतं. त्यामुळे दीड-दोन लिटरची चूकसुद्धा उत्तर बरंच फिरवते.

तिसरी गोष्ट वही किंवा मोबाइलमधली साधी तक्ता-फाइल. तारीख, ओडोमीटर, भरलेले लिटर, भिंतीवरचे युनिट, बाहेरचं तापमान, आणि शेवटी ‘शेरा’ हा रकाना. तो रकाना सोडू नका. ‘हायवे’, ‘सासरचे चौघं आणि सामान’, ‘हीटर पूर्णवेळ’ असं काहीबाही त्यात लिहिलेलं असलं की तीन महिन्यांनी एखादा विचित्र आकडा बघून डोकं खाजवावं लागत नाही.

सुरुवात आणि शेवट सारखा ठेवा

मोजणी सुरू करताना टाकी फुल्ल आणि बॅटरीही फुल्ल. संपवतानाही तसंच. लोक टाकी लक्षात ठेवतात आणि बॅटरी विसरतात. सुरुवातीला भरलेली बॅटरी शेवटी रिकामी ठेवलीत तर तेवढी वीज हिशेबात फुकट धरली जाते. एका महिन्याच्या नोंदीत ती चूक छोटी असते, पण एकाच लांब प्रवासाच्या नोंदीत ती उत्तर पार बिघडवते.

मोजणी कमीत कमी एक महिना तरी करा, आणि जमलं तर हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. घराबाहेर कुठे चार्ज केलं तर त्या पावतीवरचे युनिट वहीत चढवा. ऑफिसच्या फुकटच्या चार्जरवरचेसुद्धा. पैसे पडले नाहीत तरी वीज लागलीच ना.

हिशेब

समजा महिन्यात गाडी १,२०० किलोमीटर चालली. टाकीत ३४ लिटर पेट्रोल गेलं आणि भिंतीतून १५० युनिट वीज.

पेट्रोल: ३४ ला १,२०० ने भागून १०० ने गुणलं, उत्तर २.८३ लिटर. वीज: १५० ला १,२०० ने भागून १०० ने गुणलं, उत्तर १२.५ युनिट. हे झालं तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज: १०० किलोमीटरला २.८३ लिटर अधिक १२.५ युनिट. ‘लिटरला ३५ किलोमीटर देते’ असंही यातून म्हणता येईल आणि ते खोटं ठरणार नाही. पण त्या वाक्यात १५० युनिट गायब झालेले असतात.

लिटरला किती किलोमीटर, या आपल्या सवयीच्या मापात प्लग-इनचा हिशेब मांडू नये, याचं आणखी एक कारण आहे. त्या मापाची सरासरी काढता येत नाही. १०० किलोमीटर तुम्ही लिटरला ५० च्या हिशेबाने गेलात आणि पुढचे १०० किलोमीटर लिटरला १० ने, तर सरासरी ३० वाटते. प्रत्यक्षात २ अधिक १० असे १२ लिटर लागले, २०० किलोमीटरला. म्हणजे लिटरला १६.७. आणि पूर्ण दिवस विजेवर गेला तर त्या दिवसाचं ॲव्हरेज काय लिहिणार? भागाकारच होत नाही. १०० किलोमीटरला किती लिटर हे माप मात्र सरळ बेरीज-वजाबाकीला तयार असतं, विजेवरच्या दिवशी ते शून्य येतं इतकंच.

दोन्ही मिळून एकच आकडा हवाच असेल तर ऊर्जेत बदला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८.९ युनिट इतकी ऊर्जा असते. वरच्या उदाहरणात २.८३ लिटर म्हणजे सुमारे २५ युनिट, त्यात विजेचे १२.५ मिळवले की १०० किलोमीटरला ३८ युनिटच्या आत-बाहेर. दोन गाड्यांच्या कार्यक्षमतेची तुलना करायला हा आकडा बरा. खिशाचं मात्र त्यातून काही कळत नाही, कारण एक युनिट पेट्रोल आणि एक युनिट वीज यांची किंमत वेगळी असते.

दोन टोकं वेगवेगळी मोजा

हे करायला फारसं कुणी जात नाही, पण सगळ्यात उपयोगी माहिती इथेच मिळते. तुमच्या गाडीत खरं तर दोन गाड्या आहेत. एक फक्त विजेवरची, एक फक्त पेट्रोलवरची. दोघींचे आकडे वेगळे काढा.

विजेवरचं टोक: बॅटरी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, इलेक्ट्रिक मोड लावा आणि नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने चालवा. घरी येऊन पुन्हा पूर्ण चार्ज करा आणि भिंतीवरचे युनिट बघा. समजा ५० किलोमीटरला ११ युनिट लागले, तर १०० किलोमीटरला २२. मध्येच इंजिन सुरू झालं तर ती फेरी हिशेबात धरू नका.

पेट्रोलवरचं टोक: गाडी बॅटरी उतरल्याचं दाखवू लागली की टाकी भरा, मग चार्ज न करता टाकी बरीच खाली जाईपर्यंत चालवा आणि पुन्हा भरा. लांबच्या सुट्टीचा प्रवास याला योग्य. बॅटरी ‘शून्य’ दाखवत असली तरी आतमध्ये काही हिस्सा गाडी राखून ठेवते आणि साध्या हायब्रिडसारखी चालते, ब्रेक मारल्यावर वीज साठवते, सिग्नलवर इंजिन बंद करते. समजा इथे १०० किलोमीटरला ६.५ लिटर निघाले.

आता मागच्या महिन्याकडे परत बघा. १५० युनिट वीज, १०० किलोमीटरला २२ ने, म्हणजे सुमारे ६८२ किलोमीटर विजेवर. ३४ लिटर, १०० किलोमीटरला ६.५ ने, म्हणजे सुमारे ५२३ किलोमीटर पेट्रोलवर. बेरीज १,२०५, ओडोमीटर १,२०० सांगतो. इतकं जवळ आलं तर तुमची नोंद चोख आहे. विजेचा वाटा ५७ टक्के. बेरीज ओडोमीटरपेक्षा शंभर-दीडशे किलोमीटरने कमी-जास्त आली, तर कुठली तरी पावती राहिली आहे, किंवा ज्या दिवशी टोकं मोजलीत तो दिवस नेहमीसारखा नव्हता. मे महिन्यात मोजलेला २२ युनिटचा आकडा जानेवारीला लावला की हमखास असं होतं.

पैसे: प्लग लावणं कधी महाग पडतं

पेट्रोल लिटरला १.७५ युरो आणि घरची वीज युनिटला ३८ सेंट धरू. विजेवर १०० किलोमीटर: २२ गुणिले ०.३८, म्हणजे ८.३६ युरो. पेट्रोलवर: ६.५ गुणिले १.७५, म्हणजे ११.३८ युरो. घरी चार्ज केलं की १०० किलोमीटरमागे तीन युरो वाचतात. रस्त्यावरच्या चार्जरने युनिटला ५५ सेंट लावले तर विजेवरचे १०० किलोमीटर १२.१० युरोला पडतात, पेट्रोलपेक्षा महाग.

तुमच्या गाडीसाठी हा उंबरठा काढून ठेवा: पेट्रोलवरचा १०० किलोमीटरचा खर्च भागिले विजेवरचे युनिट. इथे ११.३८ भागिले २२, म्हणजे साधारण ५२ सेंट. त्याच्या वरचा चार्जर केवळ पैशांसाठी वापरण्यात अर्थ नाही. शहरातली हवा आणि इंजिनाचा आवाज या कारणांसाठी मी कधी कधी तरीही लावते, पण ते बचत म्हणून नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तिथल्या लेबलवर हे सगळं तयार मिळतं. आरएव्ही४ प्राइमच्या (सुरुवातीच्या आरएव्ही४ प्लग-इनचं तिथलं नाव) लेबलवर ९४ एमपीजीई (एक गॅलन पेट्रोलइतक्या ऊर्जेच्या विजेवर किती मैल), १०० मैलांना ३६ युनिट, बॅटरीवर ४२ मैल आणि पेट्रोलवर गॅलनला ३८ मैल असे आकडे होते. त्यातल्या एमपीजीईने हुरळून जाऊ नका. ३३.७ युनिट म्हणजे एक गॅलन, असं ऊर्जेचं रूपांतर आहे ते. तुमच्या वीजदराचा त्यात कुठेही संबंध नाही. कामाचा आकडा ३६ युनिटचा, आणि चार्जिंगमधली घट त्यात आधीच धरलेली असते. ३८ मैल विजेवर जायला १३.७ युनिट लागतात. म्हणून या गाडीसाठी गॅलनच्या भावाला १३.७ ने भागा, आलेल्या दरापेक्षा वीज स्वस्त असेल तरच प्लग फायद्याचा. पेट्रोल ३.३० डॉलर असेल तर उंबरठा २४ सेंट. कॅलिफोर्नियात वीज घेणाऱ्या बऱ्याच घरांचा दर याच्या वर आहे, तिथे पेट्रोलही महाग आहे, म्हणून तिथे रात्रीचा सवलतीचा दर घेऊन हा भागाकार पुन्हा करावा लागतो.

बॅटरी भरलेली असूनही इंजिन का सुरू होतं

कागद आणि रस्ता यांतल्या फरकाचं मोठं कारण चार्ज न करणं हेच आहे. पण नेमाने चार्ज करणाऱ्यांचंही पेट्रोल जातं, आणि त्याचा बराचसा भाग थंडीत जातो.

जानेवारीतली सकाळ घ्या. बॅटरी शंभर टक्के, मुलांना शाळेत सोडायचंय, अंतर चार किलोमीटर. काचेवर आतून वाफ आहे, म्हणून तुम्ही पुढची काच साफ करण्याचं बटण दाबता. पडद्यावर ‘ईव्ही’ लिहिलेलं हिरवं चिन्ह विझतं आणि इंजिन घरघरतं. काही गाड्यांत हे बटण इंजिनाची उष्णता मागवतं. काहींत हीटर चालू करणंच पुरतं, कारण त्यांच्यात विजेवरचा हीटर नाही. ह्युंदाई आयोनिक आणि किया निरोच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या प्लग-इन आवृत्त्या तशा होत्या. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारी यंत्रणा) असलेल्या गाड्या पुष्कळ खाली तापमान जाईपर्यंत विजेवर निभावतात, पण कडाक्याच्या थंडीत त्यांनाही इंजिनाची मदत घ्यावी लागते. आणि एकदा सुरू झालेलं थंड इंजिन लगेच बंद होत नाही. धुराड्यातलं, धूर स्वच्छ करणारं उत्प्रेरक गरम होईपर्यंत ते चालतच राहतं. चार किलोमीटरच्या फेरीत हे म्हणजे जवळजवळ पूर्ण फेरी पेट्रोलवर, आणि तीही इंजिनाच्या सगळ्यात वाईट अवस्थेत.

उपाय सोपा आहे. गाडी प्लगला लावलेली असतानाच ॲपवरून किंवा वेळ लावून निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं केबिन गरम करून घ्या. ती वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून येते आणि काचही तोवर स्वच्छ होते. मग रस्त्यात हवेचा झोत कमी ठेवून सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर वापरा, त्यांना केबिन हीटरच्या मानाने नगण्य वीज लागते. माझ्या वहीत हिवाळ्यातलं पेट्रोल सर्वांत जास्त याच एका सवयीने उतरलं.

बाकीची कारणं थोडक्यात. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर एका मर्यादेपलीकडे दाबला की इंजिन मदतीला येतं. पेडलमध्ये तो टप्पा पायाला जाणवतो, तो ओळखा. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना लांब उतार लागला तर ब्रेकची वीज साठवायला जागा नसते, म्हणून काही गाड्या इंजिन फिरवून वेग आवरतात. डोंगरावर राहत असाल तर चार्जिंग ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबवा. आणि इंजिन फार दिवस चाललंच नाही तर गाडी त्याला मुद्दाम सुरू करते. शेव्हरोले व्होल्टमध्ये, जी युरोपात ओपेल अँपेरा म्हणून विकली गेली, सहा आठवडे इंजिन बंद राहिलं की ते काही मिनिटं आपोआप चालायचं आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभर जुनं झालं की ते जाळून संपवायचं. हे पेट्रोल वाया गेलं असं समजू नका, इंजिन आणि इंधन दोन्ही त्यामुळे नीट राहतात. टाकी कायम फुल्ल न ठेवता निम्मी ठेवली की पेट्रोल जुनं होण्याचा प्रश्नच कमी होतो.

मोड कुठला, कुठे

ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या हायवेवर, १३० च्या वेगाने प्लग-इन विजेवर चालवली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शहरात ६० किलोमीटर देणारी बॅटरी तिथे ४० सुद्धा देत नाही. पुढे गावात शिरल्यावर, जिथे सिग्नल, रांगा आणि कमी वेग असतो, तिथे इंजिनावर रखडावं लागतं. खरं तर उलटं पाहिजे. हायवेचा सलग वेग इंजिनाला मानवतो, शहर विजेला. म्हणून बॅटरीपेक्षा लांबचा प्रवास असेल तर हायवेला लागताच बॅटरी राखायचा मोड लावा. कुणी त्याला सेव्ह म्हणतं, कुणी होल्ड. शहराच्या वेशीवर इलेक्ट्रिक करा. नकाशात मुक्कामाचं ठिकाण घातलं तर हल्लीच्या बऱ्याच गाड्या ही वाटणी स्वतःच करतात, आणि बऱ्यापैकी चांगली करतात.

चार्ज मोड मात्र टाळा. त्यात इंजिन गाडी चालवता चालवता बॅटरीही भरतं. पेट्रोलची वीज, विजेची साठवण, साठवणीतून पुन्हा वीज, आणि त्यातून गती. प्रत्येक टप्प्यावर घट. पुढे असा भाग असेल जिथे विजेवरच जायचं आहे आणि वाटेत प्लग मिळणारच नाही, तेवढ्यापुरता तो ठीक आहे. पेट्रोल वाचवायला म्हणून तो वापरणाऱ्यांचं पेट्रोल वाढतं.

प्रवास बॅटरीच्या टप्प्यात असेल तर कुठलाच विचार करू नका. इलेक्ट्रिक मोड लावा आणि निघा.

जुनी प्लग-इन घेताना

लीजवरून परत आलेल्या तीन-चार वर्षांच्या प्लग-इन गाड्या जर्मनीत बाजारात भरपूर आहेत. अशी गाडी बघायला गेलात की आधी डिकी उघडा आणि चार्जिंग केबलची पिशवी बघा. ब्रिटनमध्ये २०१८ च्या सुमारास कंपन्यांच्या ताफ्यातून परतलेल्या प्लग-इन गाड्यांत केबल कारखान्याच्या वेष्टनातच निघाल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. केबल कोरी असेल तर त्या गाडीचं इंजिन ओडोमीटरवरचं जवळपास सगळं अंतर चाललेलं आहे, असं धरून भाव करा. बॅटरी मात्र कमी झिजलेली असण्याची शक्यता आहे.

त्याहून पक्का पुरावा गाडीतच असतो. २०२१ पासून युरोपात नोंदणी झालेल्या प्रत्येक नव्या पेट्रोल, डिझेल आणि प्लग-इन कारमध्ये आयुष्यभराचं पेट्रोल आणि अंतर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. प्लग-इनमध्ये ती इंजिन बंद ठेवून तोडलेलं अंतर आणि बाहेरून बॅटरीत घेतलेली वीज यांचीही नोंद ठेवते. आयोगाचा २०२४ चा अहवाल याच नोंदींवर उभा होता. गाडीतले बिघाड तपासायच्या सॉकेटला यंत्र जोडून वर्कशॉप ती वाचू शकतं. विक्रेत्याला ती छापून द्यायला सांगा. एकूण अंतर आणि इंजिन बंद असतानाचं अंतर, एवढे दोन आकडे मिळाले तरी पुरे.

भारतात हे कितपत लागू

आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड व्हिटारा, सिटी ई:एचईव्ही या गाड्यांना ‘हायब्रिड’ म्हणतात, पण त्यांना प्लग नाही. त्यांची सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. त्यामुळे त्यांच्यासाठी टाकी फुल्ल करून भागाकार करायची जुनी पद्धत पूर्णपणे बरोबर आहे, आणि वर सांगितलेलं कुठलंही सूत्र त्यांच्या कागदावरच्या आकड्यात शिरलेलं नाही. ग्रँड व्हिटाराचा २७.९७ हा आकडा रस्त्यावर कमी होतो, पण तो साडेतीन पट फुगवलेला नसतो.

प्लग असलेल्या हायब्रिड भारतात आल्या त्या बहुतेक कोटींच्या घरातल्या. बीएमडब्ल्यू एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये आली ती २.६० कोटींना. व्ही-८ इंजिनाच्या या गाडीच्या माहितीत लिटरला ६१.९ किलोमीटर असा आकडा दिला होता. तो कुठून आला असेल ते आता तुम्हाला ठाऊक आहे. उद्या मध्यम किमतीच्या प्लग-इन आपल्या बाजारात आल्या तर जाहिरातींत असेच आकडे दिसतील. शोरूममध्ये तेव्हा तीनच गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: बॅटरी उतरल्यावर लिटरला किती, विजेवर १०० किलोमीटरला भिंतीतून किती युनिट, आणि हीटर किंवा एसी लावल्यावर इंजिन सुरू होतं का. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमच्या जागेपाशी सॉकेट बसवायला परवानगी मिळते का, ते गाडी बुक करायच्या आधी सेक्रेटरींना विचारून घ्या.